डब्यावर ‘नॅनो’ लिहिले आहे. आत काय आहे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नॅनो तंत्रज्ञानाविषयी आहेत. टॉवेल, खत, पाण्याचे यंत्र, गळ्यातले पदक, कर्करोगावरचे औषध अशा एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या वस्तू आज या एकाच शब्दाखाली विकल्या जातात. त्यांतल्या काहींमागे भक्कम विज्ञान आहे, काहींमध्ये ते अर्धेमुर्धे आहे आणि काही सरळसरळ फसवणूक आहेत. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. प्रश्न थोडक्यात घेतले असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म, एवढे समजते, पण केवळ लहान केल्याने पदार्थात असा काय फरक पडतो? आणि आमच्यासारख्यांच्या घरात हे तंत्रज्ञान खरोखर आले आहे का? (निवृत्त शिक्षक, नवी पेठ, सोलापूर)

एका मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण 80,000 ते 1,00,000 नॅनोमीटर जाड असतो, रक्तातली तांबडी पेशी सुमारे 7,000 नॅनोमीटर रुंद असते, तर डीएनएच्या गोफाची रुंदी जेमतेम 2 नॅनोमीटर भरते. साधारणपणे 1 ते 100 नॅनोमीटर या टप्प्यातील कणांना आणि रचनांना नॅनो म्हणण्याचा प्रघात आहे.

लहान केल्याने दोन गोष्टी बदलतात. पहिली गोष्ट पृष्ठभागाची. एक सेंटिमीटर बाजू असलेल्या घनाचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग 6,000 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होतो. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात, त्यामुळे एरवी सुस्त असलेला पदार्थ या आकारात चपळ होतो. दुसरी गोष्ट अशी की, या टप्प्यावर पदार्थाचा प्रकाशाशी आणि विजेशी असलेला व्यवहारच बदलतो. वीस-तीस नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात पिवळे दिसत नाहीत, माणकासारखे लाल दिसतात. मायकेल फॅरडे याने 1857 मध्ये अशा द्रावणांचा अभ्यास केला होता. घरी गर्भधारणा तपासण्याच्या अनेक किटमध्ये उमटणारी लाल रेघ याच सोनेरी कणांची असते, आणि कोविडच्या काळात आपण नाकातला स्राव घेऊन केलेल्या झटपट चाचण्यांमध्येही हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरलेली होती.

मात्र घनाचे तुकडे कितीही केले, तरी त्याचे वजन तेवढेच राहते. आकार बदलल्याने वागणूक बदलते. वस्तुमान वाढत नाही आणि ऊर्जाही निर्माण होत नाही. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हे सूत्र उपयोगी पडणार आहे.

अणूंच्या पातळीवर वस्तू घडवण्याची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी 29 डिसेंबर 1959 रोजी कॅलिफोर्नियातील एका व्याख्यानात मांडली, 1974 मध्ये जपानचे नोरिओ तानिगुची यांनी या तंत्राला आजचे नाव दिले आणि 1981 मध्ये झुरिक येथे बिनिग व रोरर यांनी तयार केलेल्या सूक्ष्मदर्शकामुळे एकेक अणू पाहता येऊ लागला. तुमच्या घरात हे तंत्रज्ञान सर्वाधिक प्रमाणात असेल ते मोबाइलच्या चिपमध्ये. (जाहिरातीतले ‘3 नॅनोमीटर’ हे चिपच्या पिढीचे व्यापारी नाव आहे, त्या चिपमधील ट्रान्झिस्टर एकमेकांपासून चाळीस-पन्नास नॅनोमीटर अंतरावर असतात.) काही दूरचित्रवाणी संचांमध्ये रंग शुद्ध दिसावेत म्हणून क्वांटम डॉट नावाचे कण वापरतात, त्यांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रुस आणि येकिमोव्ह यांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

प्रश्न : आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. एका रसायन विक्रेत्याने ‘नॅनो फिनिश’ दाखवले. त्यामुळे टॉवेलवर जंतू वाढणार नाहीत, पाण्याचा आणि तेलाचा डाग बसणार नाही आणि हा गुण टॉवेल फाटेपर्यंत टिकेल, असे तो म्हणतो. दर बराच जास्त आहे. घ्यावे का? (कारखानदार, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

विक्रेत्याने तीन दावे एकत्र बांधून तुमच्यापुढे ठेवले आहेत. ते आधी सोडवून घ्यावे लागतील, कारण त्यांतला एक दावा टॉवेलच्या मूळ कामाच्याच विरुद्ध आहे.

पाण्याचा डाग न बसण्याचे तत्त्व आपल्याला ‘अळवावरचे पाणी’ या शब्दप्रयोगातून परिचयाचे आहे. अळूच्या आणि कमळाच्या पानावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात. पाण्याचा थेंब त्यांच्या टोकांवरच टेकतो, खाली हवा राहते आणि थेंब घरंगळून जातो. कापडाच्या तंतूंवर अशीच रचना आणि पाण्याला दूर ठेवणारे रसायन बसवता येते. छत्री, तंबू, शाळेची पिशवी, सोफ्याचे कापड यांसाठी ते उत्तम आहे. पण टॉवेलचे काम पाणी ओढून घेण्याचे आहे, आणि सोलापूरच्या टॉवेलचा लौकिक त्याच्या सुती फासांच्या शोषकतेवर उभा आहे. ज्या टॉवेलवर पाणी ठरत नाही तो अंग कोरडे करू शकत नाही. विक्रेत्याचे रसायन खरोखर पाणी झटकत असेल तर ते तुमच्या मालाचा मूळ गुण मारील, आणि झटकत नसेल तर दावा खोटा आहे. दोन्ही परिस्थितींत ते टॉवेलसाठी नको.

जंतुरोधक गुणाचा दावा मात्र विचारात घेण्यासारखा आहे. त्यासाठी बहुधा चांदीचे नॅनोकण वापरतात. या कणांपासून चांदीचे आयन (विद्युतभारित अणू) हळूहळू सुटतात आणि ते जिवाणूंना मारतात. पण ज्या सुटण्यामुळे गुण येतो, त्याच सुटण्यामुळे तो संपतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 मध्ये नॅनो-चांदीचे पायमोजे धुऊन पाहिले, तेव्हा काही मोज्यांतील जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांच्या आत पाण्यात निघून गेली, तर काहींमधली बरीच टिकली. कण तंतूवर कसा बांधला आहे यावर सारे अवलंबून असते. रोज किंवा दिवसाआड धुतल्या जाणाऱ्या टॉवेलबाबत ‘फाटेपर्यंत टिकेल’ हे विधान चाचणीशिवाय मान्य करू नये.

म्हणून विक्रेत्याकडे पत्रकापेक्षा चाचणी अहवाल मागावा. एएटीसीसी 100 किंवा आयएसओ 20743 या पद्धतीने कापडाची जंतुरोधकता मोजतात. ती चाचणी नव्या कापडावर, वीस धुण्यांनंतर आणि पन्नास धुण्यांनंतर अशी तीनदा झालेली असावी, आणि नमुना तुमच्याच टॉवेलचा असावा. पातळ पॉलिस्टर कापडाचा अहवाल जाड सुती फासांना लागू पडत नाही. माल युरोपात जाणार असेल तर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. तिथल्या नियमांनुसार जंतुनाशक प्रक्रिया केलेल्या मालावर जंतुरोधकतेचा दावा करताना त्यातील द्रव्याचे नाव आणि ते नॅनो स्वरूपात असल्यास तसा उल्लेख लेबलवर करावा लागतो. दुसरे म्हणजे, पाणी आणि तेल झटकणाऱ्या अनेक फिनिशमध्ये फ्लोरीनयुक्त रसायने असतात. त्यांपैकी पीएफओए हे रसायन 2019 मध्ये, निसर्गात दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेले आहे. फिनिशच्या पिंपात नेमके काय आहे हे लेखी घेतल्याशिवाय सौदा केला आणि माल परत आला, तर तोटा तुमचा होईल, विक्रेत्याचा नव्हे.

रुग्णालयांना पुरवठा करणार असाल तर चांगले बांधलेले जंतुरोधक फिनिश उपयोगाचे ठरू शकते. घरगुती गिऱ्हाइकासाठी मात्र टॉवेल उन्हात कडक वाळवणे पुरेसे आहे, आणि ऊन सोलापुरात कधी कमी पडत नाही.

प्रश्न : माझा सहा एकर ऊस आहे. नॅनो युरियाची अर्धा लिटरची एक बाटली म्हणजे युरियाचे एक पोते, असे दुकानदार सांगतो. युरियाची पोती बंद करून बाटल्यांवर भागेल का? (शेतकरी, माळशिरस तालुका)

युरिया पूर्ण बंद करू नये. याचे कारण साध्या हिशेबात आहे आणि तो हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने स्वतः करून पाहावा.

युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात 46 टक्के नत्र असते, म्हणजे सुमारे 20.7 किलो नत्र. इफको या खत उत्पादक सहकारी संस्थेने 2021 मध्ये बाजारात आणलेल्या नॅनो युरियाच्या 500 मिलिलिटरच्या बाटलीत 4 टक्के नत्र होते, म्हणजे 20 ग्रॅम. नंतर आलेल्या 20 टक्के नत्राच्या बाटलीचा हिशेब केला तरी ते 100 ग्रॅम होते. आता पोत्यातले सगळे नत्र पिकाला मिळत नाही हे खरेच आहे; बराच भाग हवेत उडतो आणि पाण्याबरोबर झिरपून जातो. समजा एक तृतीयांशच मिळाले, तरी ते जवळजवळ सात किलो आहे. बाटलीतले नत्र शंभर टक्के पानात शिरले असे मानले, तरी ते 20 किंवा 100 ग्रॅमच राहते. सुरू हंगामातील उसासाठी हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी सुमारे 100 किलो. ऊस आपल्या पानांसाठी आणि कांड्यांसाठी लागणारे नत्र कुठून तरी घेणारच. बाटलीतून मिळाले नाही तर ते जमिनीतून ओढून घेईल आणि पुढच्या खोडव्याला जमीन उपाशी राहील.

कण लहान असल्यामुळे तो पानात सहज शिरतो, असा युक्तिवाद केला जातो. पण साधा युरिया पाण्यात विरघळला की त्याचे सुटे रेणू होतात, आणि युरियाचा रेणू एक नॅनोमीटरहूनही लहान आहे. दोन टक्के युरियाची फवारणी आपले शेतकरी वर्षानुवर्षे करत आले आहेत आणि पाने ती घेतात. तेव्हा केवळ लहान आकार हे हजारपट परिणामाचे कारण होऊ शकत नाही.

प्रत्यक्ष शेतातला पुरावाही सावध करणारा आहे. पंजाब कृषी विद्यापीठाने भात आणि गहू या पिकांवर दोन वर्षे प्रयोग घेतले. नेहमीच्या नत्राच्या मात्रेचा काही भाग कमी करून त्याऐवजी नॅनो युरिया फवारला, तेव्हा दोन्ही पिकांचे उत्पादन लक्षणीय घटले आणि दाण्यातील नत्रही कमी झाले. उत्पादकांनी स्वतःच्या चाचण्यांत चांगले निष्कर्ष आल्याचे सांगितले आहे, परंतु तुमच्या उसाचा निर्णय तुमच्या जमिनीवर व्हायला हवा. माती परीक्षण करून घ्या, पायाभूत नत्राची मात्रा कमी करू नका, आणि बाटली वापरून पाहायचीच असेल तर पाच-दहा गुंठ्यांत फवारणी करून शेजारचा तेवढाच तुकडा नेहमीच्या पद्धतीने ठेवा. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात याबाबत सल्ला मिळू शकेल.

नत्र वाचवायचेच असेल, तर ठिबकमधून युरिया विभागून देणे हा ऊस पट्ट्यात सिद्ध झालेला मार्ग आहे. तो जुना आहे म्हणून मागे पडतो, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : दोन हजारांच्या नोटेत नॅनो चिप होती आणि जमिनीखाली 120 मीटरवर पुरली तरी ती उपग्रहाला दिसायची, असे आमच्याकडे अजूनही सांगतात. यात काही तथ्य आहे का? (किराणा दुकानदार, बार्शी)

काहीही तथ्य नाही. ही अफवा नोव्हेंबर 2016 मध्ये पसरली आणि रिझर्व्ह बँकेने ती तेव्हाच नाकारली होती. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात. खालचे यंत्र तो संदेश फक्त ऐकते आणि त्यावरून स्वतःची जागा काढते. ती जागा दुसऱ्या कुणाला कळवायची तर वेगळे प्रक्षेपण करावे लागते, त्यासाठी वीज आणि अँटेना लागते. कागदाच्या जाडीत ही वीज कुठून येणार? उपग्रहाचा संदेश इमारतीच्या तळघरातही नीट पोहोचत नाही, मग जमिनीखालून तो परत जाण्याचा प्रश्नच येत नाही. लशीतून चिप टोचल्याच्या अफवेलाही हेच उत्तर लागू आहे.

प्रश्न : आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, मधल्या काळात बोअरचे जड पाणी वापरतो. एक कंपनी ‘नॅनो सिल्व्हर’ फिल्टर विकते आहे आणि त्याने क्षारही जातात, असे सांगते. (गृहिणी, जुळे सोलापूर)

चांदीचे नॅनोकण जिवाणूंवर काम करतात, क्षारांवर करत नाहीत. 2009 मध्ये टाटांनी आणलेल्या ‘स्वच्छ’ या स्वस्त फिल्टरमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर असे कण बसवलेले होते, आणि चेन्नईच्या आयआयटीतील टी. प्रदीप यांनी नॅनोकणांच्या साहाय्याने पाण्यातील कीटकनाशके आणि आर्सेनिक काढण्याचे फार मोलाचे काम केले आहे. म्हणजे तंत्र खरे आहे. पण पाण्याचा जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे येतो. ते पाण्यात विरघळलेले असतात आणि चांदीच्या कणांजवळून तसेच निघून जातात.

तुमच्या घरात दोन वेगळ्या अडचणी आहेत. साठवलेल्या नळाच्या पाण्यात जंतू वाढू नयेत, यासाठी चांदीचा फिल्टर चालेल, तसेच क्लोरिनचे थेंब किंवा उकळणेही चालेल. बोअरच्या पाण्याचा जडपणा घालवण्यासाठी मात्र पडदा लागतो. आरओच्या पडद्याची छिद्रे एक नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात. त्याहून किंचित मोकळा नॅनोफिल्ट्रेशनचा पडदा जडपणा आणणारे क्षार बऱ्याच अंशी अडवतो, मिठासारख्या क्षारांचा काही भाग जाऊ देतो आणि त्याला दाबही कमी लागतो. दोन्हींत काही पाणी वाया जाते, ते भांडी घासायला किंवा फरशी पुसायला वापरावे. आधी बोअरच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या, आणि मग त्या अहवालाला धरून यंत्र निवडा.

प्रश्न : गड्डा यात्रेत एका दुकानात ‘नॅनो एनर्जी’ पदक मिळाले. ते मोबाइलचे किरण शोषून घेते आणि शरीराला ऋण आयन देते म्हणतात. आईने गळ्यात घातले आहे. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सोलापूर)

ते आजच काढून ठेवावे. मोबाइलच्या लहरी काही सेंटिमीटर ते फूटभर लांबीच्या असतात. गळ्यातले पदक त्या शोषू शकत नाही, आणि एखाद्या वस्तूने त्या खरोखर अडवल्या तर फोनला मनोरा सापडत नाही आणि तो आणखी जोराने प्रक्षेपण करू लागतो.

काढून ठेवण्याचे कारण याहून गंभीर आहे. सतत ऋण आयन देणाऱ्या अशा काही वस्तूंमध्ये ते आयन निर्माण करण्यासाठी किरणोत्सारी खनिजांची पूड मिसळलेली आढळली आहे. नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर 2021 मध्ये पदके, कडी, डोळ्यांवरची पट्टी अशा दहा वस्तूंवर बंदी आणली, कारण त्यांतून आयनीकारक किरणे बाहेर पडत होती आणि त्या दीर्घकाळ अंगावर वापरल्यास अपाय होऊ शकला असता. तुमच्या आईचे पदक तसे असेलच असे नाही. पण ज्याच्यात काही नाही ते निरुपयोगी, आणि ज्याच्यात काही आहे ते धोक्याचे, अशी स्थिती असताना ते गळ्यात ठेवण्याचे कारण उरत नाही.

प्रश्न : पत्नीवर सोलापुरात कर्करोगाचे उपचार चालू आहेत. नॅनो रोबो रक्तात सोडून गाठ शोधतात आणि फक्त तीच जाळतात, असे ऐकले. एक गृहस्थ ‘नॅनो हळद’ घेऊन केमो बंद करा म्हणतात. (एक वाचक, पंढरपूर)

सर्वांत आधी: केमोथेरपी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका. हळदीतील करक्युमिनचे नॅनो स्वरूप शरीरात जास्त प्रमाणात शोषले जावे यासाठी संशोधन चालू आहे, पण ते केमोची जागा घेते असे कुठेही सिद्ध झालेले नाही, आणि डॉक्टरांना न सांगता घेतलेली पूरके चालू औषधांच्या कामात अडथळा आणू शकतात.

रक्तात फिरून गाठ शोधणारे यंत्रमानव आज कोणत्याही रुग्णालयात नाहीत. जे आहे ते अधिक साधे आणि उपयोगाचे आहे. डॉक्सोरुबिसिन हे परिणामकारक औषध हृदयाला इजा करते. ते सुमारे 100 नॅनोमीटरच्या स्निग्ध आवरणात बंद करून दिले तर ही इजा कमी होते. या औषधाला अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळाली. 2005 मध्ये पॅक्लिटॅक्सेल हे औषध अल्ब्युमिन प्रथिनाच्या कणांत बांधून आले, त्यामुळे पूर्वी ते विरघळवण्यासाठी लागणारे त्रासदायक द्रव्य टळले. ही औषधे भारतातही मिळतात. मात्र ती गाठीला अचूक शोधतात असे समजू नये: प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा 2016 मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी मध्यक (मधल्या क्रमांकाच्या) प्रमाणाने केवळ 0.7 टक्के कण गाठीपर्यंत पोहोचल्याचे दिसले. फायदा मुख्यतः दुष्परिणाम कमी होण्यात आहे. तुमच्या पत्नीच्या प्रकारात यांपैकी एखादे औषध बसते का, हे तिच्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

प्रश्न : आपल्या पूर्वजांना नॅनो तंत्रज्ञान अवगत होते का? (अक्कलकोट)

त्यांच्या हातून नॅनो रचना घडत होत्या, हे निश्चित. दक्षिण भारतातील वुट्झ पोलादापासून घडवल्या जाणाऱ्या दमास्कस तलवारींपैकी एकीच्या तुकड्यात 2006 मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांना कार्बनच्या नॅनो नळ्या सापडल्या. असे पोलाद करणाऱ्या आपल्या लोहारांचा हात इतका सरावलेला होता, याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण त्या नळ्या मोजण्याचे किंवा ठरवून घडवण्याचे साधन कुणाकडेही नव्हते. भस्मांमध्येही सूक्ष्म कण असतात. तेवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाहीत, कारण शिसे किंवा पारा कण लहान केल्याने सौम्य होत नाही.

प्रश्न : नॅनोकणांपासून अपाय होतो का? सनस्क्रीन वापरावी की नाही? (परिचारिका, सोलापूर)

सनस्क्रीनमधील झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचे नॅनोकण निरोगी त्वचेच्या वरच्या मृत थरातून आत जात नाहीत, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसते. कण लहान असल्यामुळे चेहरा पांढरा दिसत नाही, एवढाच त्यांचा हेतू. युरोपात 2013 पासून प्रसाधनांच्या लेबलवर नॅनो घटकाचा उल्लेख बंधनकारक आहे.

खरा धोका श्वासाचा आहे. 2008 मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात कार्बनच्या लांब, सुईसारख्या नॅनो नळ्यांनी ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण केला. अशी कोरडी पूड हाताळणाऱ्या कामगारांना योग्य मास्क आणि हवा ओढून घेणारी यंत्रणा मिळालीच पाहिजे. विडीच्या, चुलीच्या आणि कचरा जाळल्याच्या धुरातही 100 नॅनोमीटरहून लहान कण मोठ्या संख्येने असतात, आणि ते फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातात. तुमच्या दवाखान्यात येणाऱ्या खोकल्याच्या रुग्णांना घरातल्या धुराबद्दल जरूर विचारा. सनस्क्रीन निर्धास्त वापरा. फक्त फवाऱ्याची बाटली असेल तर ती थेट चेहऱ्यावर मारू नका. आधी तळहातावर घ्या आणि मग लावा.